प्रकाशाचा रंग आणि मुळांची रसद

घटस्थापनेच्या दिवशी देवघरात परडीमध्ये काळी माती पसरून तीत गहू-ज्वारीसारखी धान्ये पेरावीत, मधोमध कलश मांडावा, नंदादीपाच्या मंद उजेडात ती माती नऊ दिवस ओली राखावी, आणि दसऱ्याला तेथे उभे राहिलेले वीतभर उंचीचे, पिवळसर, लवलवते कोंब कुणी टोपीत खोवावेत तर कुणी वेणीत माळावेत, ही आपल्याकडील पुष्कळ घरांतली रीत आहे. तेच धान्य त्याच आठवड्यात उघड्या रानात पेरले, तर त्याचा कोंब बुटका, जाड आणि हिरवागार निघतो. बी एकच, माती बहुधा त्याच शेतातून आणलेली, पाण्याची वाण दोन्हीकडे नाही. तफावत आहे ती केवळ उजेडाची. देवघरातला कोंब बियातल्या शिदोरीवर जगत असतो, उजेडाच्या शोधात उंच होत जातो, आणि तो पुरेसा मिळेपर्यंत हरितद्रव्य घडविण्याचा खर्च अंगावर घेत नाही.

घरोघर दिसणाऱ्या या साध्या गोष्टीत जो प्रश्न दडलेला आहे, त्यावर आज जपान, नेदरलँड्स, अमेरिका इत्यादी देशांत एक स्वतंत्र शास्त्र आणि एक खर्चिक धंदा उभा राहिला आहे. सूर्य नाही, माती नाही. बंद दालनात फळ्यांवर फळ्या रचलेल्या, प्रत्येक फळीवर दिव्यांची रांग, खाली क्षारांचे पाणी वाहणारी पन्हाळी, आणि तीत लेट्यूस, पालक वा मोहरीच्या कुळातील पालेभाज्या, असे त्याचे स्वरूप. सूर्याच्या जागी दिवा आणि मातीच्या जागी द्रावण आले की, दिवा कोणत्या रंगाचा आणि द्रावण कोणत्या तपशिलाचे, या दोन गोष्टी माणसाच्या हाती येतात. त्यांवरचे संशोधन विपुल असले तरी त्यातला मोठा भाग एकेकाच अंगाचा विचार करणारा आहे: दिव्यांचे अभ्यासक द्रावण कायम ठेवून रंग बदलतात, द्रावणाचे अभ्यासक दिवे कायम ठेवून क्षार बदलतात. प्रस्तुत आढाव्याचे प्रतिपादन असे की, पानाच्या दप्तरी ही दोन खाती निराळी नाहीत. प्रकाश ही जमा आहे, मुळांतून येणारी रसद खर्ची पडते ती त्या जमेच्या आधारावर, आणि एकाचा हिशेब दुसऱ्यावाचून तपासला तर निवाडा चुकतो.

मातीवाचून शेतीची पूर्वपीठिका

इ. स. १६९९ मध्ये इंग्लंडातील जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून त्यांचे वजन केले, तेव्हा पावसाच्या निर्मळ पाण्यापेक्षा थेम्स नदीच्या पाण्यात, आणि त्याहूनही बागेतली माती कालवलेल्या पाण्यात रोप अधिक भरते असे त्यांना आढळले. पाणी हाच वनस्पतीचा आहार, ही तत्कालीन समजूत त्यामुळे डळमळली, आणि पाण्यातून येणारे पार्थिव द्रव्य कोणते, हा प्रश्न पुढे आला. त्याचे पद्धतशीर उत्तर १८६० च्या सुमारास जर्मनीत युलिउस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नोप यांनी, मोजून घेतलेल्या क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दिले. कॅलिफोर्नियातील विल्यम गेरिके यांनी १९३० च्या आसपास प्रयोगशाळेतील ही रीत उत्पादनाच्या पायरीवर आणली आणि १९३७ मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले; तर १९३८ मध्ये डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेतील द्रावण आजही, थोड्याफार फेरफाराने, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. हिंदुस्थानचा वाटाही या इतिहासात आहे. कालिंपोंग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी स्वस्त साधनांवर बेतलेली जी पद्धत बसविली, ती ‘बंगाल पद्धत’ या नावाने १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

आज वनस्पतीला अत्यावश्यक अशी १७ मूलद्रव्ये मानली जातात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेल्या १४ ची तजवीज मुळांकडून करावी लागते. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही मोठ्या प्रमाणात. लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम आदी अल्प प्रमाणात. त्यांपैकी मॉलिब्डेनमची आवश्यकता आर्नन व स्टाउट यांनी १९३९ मध्ये टोमॅटोवर सिद्ध केली. दशलक्षांत अंशमात्र लागणारे हे द्रव्य येथे मुद्दाम सांगण्याचे कारण पुढे येईल.

रंगाचा पहिला पुरावा

प्रकाशाच्या बाजूचा एक अत्यंत देखणा प्रयोग १८८२ मध्ये थेओडोर एंगेलमान यांनी केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हिरव्या शैवालाचा एक तंतू ठेवला, लोलकातून काढलेला सप्तरंगी पट्टा त्या तंतूवर लांबीने पाडला, आणि भोवतीच्या पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. थोड्या वेळात ते जिवाणू तंतूभर सारखे न राहता दोन जागी गर्दी करून बसले: जेथे तांबडा प्रकाश पडला होता तेथे, आणि जेथे निळा पडला होता तेथे. प्राणवायू कोठे निघतो याची साक्ष कोणत्याही यंत्राने नव्हे, तर सजीवांनी दिली होती.

या साक्षीवरून पुढे एक घाईचा निष्कर्ष रूढ झाला: हिरवा प्रकाश वनस्पतीला निरुपयोगी, तो परावर्तित होतो म्हणून तर पान हिरवे दिसते. एका पातळ तंतूविषयीची गोष्ट जाड पानाला जशीच्या तशी लावल्याने ही चूक घडली. १९७२ मध्ये के. जे. मॅक्री यांनी २२ जातींच्या पिकांच्या पानांवर, ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या संपूर्ण पट्ट्यात प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजला, तेव्हा हिरव्या प्रकाशाचे कार्य तांबड्याहून कमी पण मुळीच नगण्य नसल्याचे स्पष्ट झाले. पानाच्या वरच्या थरांतील पेशी तांबडा व निळा प्रकाश जवळजवळ सारा टिपून घेतात. हिरवा किरण पेशीपेशींवर आदळत, वळत, आत खोल उतरतो, आणि वरचे थर प्रकाशाने तृप्त झालेले असताना खालच्या अंधाऱ्या थरांना काम देतो. अमेरिकेच्या अंतराळ संशोधन संस्थेच्या केनेडी केंद्रातील २००४ च्या प्रयोगात, प्रकाशाची एकूण मात्रा तीच ठेवून तांबड्या-निळ्यात सुमारे २४ टक्के हिरवा मिसळला असता लेट्यूस अधिक वाढले, ते या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

प्रकाश अन्न आणि प्रकाश वार्ता

प्रकाशाचे दुसरे कार्य पहिल्याहून सूक्ष्म आहे. तो वनस्पतीला शक्ती देतो, तशी परिसराची वार्ताही देतो. या वार्तेची लिपी उलगडण्याचे श्रेय, योगायोगाने, एका पालेभाजीच्या बियाला आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्यूसच्या ओल्या बियांवर अंधारात तांबड्या प्रकाशाची झोत टाकली, बी रुजले. तिच्यामागोमाग दृष्टीला जेमतेम जाणवणाऱ्या दूरतांबड्या प्रकाशाची झोत टाकली. बी रुजले नाही. पुन्हा तांबडा, पुन्हा दूरतांबडा असा क्रम कितीही वेळा चालविला, तरी शेवटचा हुकूम ज्या रंगाचा, त्याचाच अंमल होई. हा हुकूम वाचणारे रंगद्रव्य ते फायटोक्रोम. निळ्या प्रकाशाचे वाचक निराळे आहेत, त्यांचा शोध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला.

दाट रानात वरच्या पानांनी तांबडा प्रकाश शोषून घेतला की खाली उरतो तो मुख्यतः दूरतांबडा; खालच्या रोपाला त्यातून ‘शेजारी डोक्यावर आला’ ही वार्ता मिळते आणि ते उंच होते, पान पसरते, रंगद्रव्यांवरचा खर्च आवरते. उलट निळा प्रकाश ही उघड्या आभाळाची खूण. त्यासरशी देठ आखडतो, पान जाड होते, पर्णरंध्रे उघडतात, आणि तांबूस जातींच्या पानांत अँथोसायनिन हे तांबडे-जांभळे रंगद्रव्य भरते. आपल्या खिडकीतल्या वाटीत उगवलेली मेथी ज्या बाजूने उजेड त्या बाजूला मान वळविते, तेही निळ्याच्याच सांगण्यावरून.

ॲरिझोना विद्यापीठातील ली आणि कुबोटा यांच्या २००९ च्या प्रयोगाने या दोन वार्तांचा भाव आकड्यांत मांडला. पांढऱ्या दिव्यांखालच्या कोवळ्या तांबड्या लेट्यूसला निळ्याची जोड दिली, तेव्हा अँथोसायनिन ३१ टक्क्यांनी वाढले. दूरतांबड्याची जोड दिली, तेव्हा ताज्या पानांचे वजन २८ टक्क्यांनी वाढले, पण अँथोसायनिन ४० टक्क्यांनी घटले. वजन हवे की रंग, याचा निर्णय दिव्याने करायचा नसून पिकविणाऱ्याने करायचा आहे, ही गोष्ट यापेक्षा स्वच्छ सांगता येणार नाही.

केवळ तांबड्यावर भागत नाही, हेही प्रयोगांनी दाखविले आहे. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे २०१० मध्ये काकडीच्या पानांवर असे आढळले की, निळ्याचा अंशही नसला तर प्रकाशसंश्लेषणाची व्यवस्थाच बिघडते, आणि अवघ्या ७ टक्के निळ्याने तो बिघाड टळतो. जमाखर्चाच्या बाजूने पाहता मात्र तांबड्याचे पारडे जड आहे. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशकणात ४५० च्या निळ्या कणाहून शक्ती कमी असते. त्यामुळे तितक्याच शक्तीत निळ्याच्या जवळजवळ दीडपट तांबडे कण मिळतात, आणि प्रकाशसंश्लेषण कण मोजते, शक्ती नव्हे. १९९१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात एलईडीखाली लेट्यूस वाढविण्यात आले, तेव्हा त्यातले तांबडे एलईडी होते, पण निळ्यासाठी नळीदिवे जोडावे लागले. प्रखर निळा एलईडी आला तो त्यानंतर, आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून मुख्यतः तांबडा, त्यात थोडा निळा, अशी दिव्यांची घडण रूढ झाली, आणि अलीकडे तिच्यात पांढऱ्याची भर पडत आहे.

रसदीचे नियम

द्रावणाच्या बाबतीत लेट्यूससाठी पाण्याची विद्युतवाहकता साधारणतः १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर आणि सामू ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान राखण्याची शिफारस केली जाते. सामू का, हे दख्खनच्या शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते उसाच्या मुळांच्या हाती लागत नाही आणि केवडा पडतो. तीच गत सामू चढलेल्या द्रावणात पालेभाजीची होते. सबब लोह चिलेटच्या, म्हणजे त्याला विरघळलेले राखणाऱ्या सेंद्रिय संयुगाच्या, रूपाने द्यावे लागते. येथे प्रकाश पुन्हा आडवा येतो. चिलेट उजेडात, विशेषतः निळ्या व अतिनील किरणांत, विघटित होते. टाकी उघडी राहिली तर लोह गाळ होऊन बसते आणि वर शेवाळही माजते. द्रावण झाकून ठेवा, हा या धंद्यातला पहिला धडा त्यामुळेच.

दुसरा दाखला कॅल्शियमचा. गड्डा बांधणाऱ्या लेट्यूसची आतली कोवळी पाने एके दिवशी कडेने तपकिरी होतात, करपतात, आणि दिसायला उत्तम असलेले पीक बाजारातून बाद होते. द्रावणात कॅल्शियमची टंचाई नसतानाही हे घडते. हे द्रव्य केवळ पानांतून उडणाऱ्या पाण्याच्या ओढीने वर चढते, आणि एकदा जुन्या पानात बसले की तेथून नव्याकडे हलत नाही. आतल्या झाकल्या पानांतून पाणी उडत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला ते येत नाही. प्रकाश वाढविला की वाढ वेगाने होते, कॅल्शियमचा तगादा वाढतो, पुरवठा मात्र तोच राहतो, आणि कडा करपतात. कॉर्नेल विद्यापीठाने लेट्यूसला दिवसाकाठी दर चौरस मीटरला १७ मोल प्रकाशकणांची जी मर्यादा सुचविली, तिच्यामागे हाच अनुभव होता. इलाज द्रावणात नसून पंख्यात आहे: आतल्या पानांवर वारा खेळता ठेवणे.

दोन्ही खात्यांची गाठ: नायट्रेट

ज्या एका द्रव्यात रंग आणि रसद यांची गाठ डोळ्यांनी दिसते, ते नायट्रेट होय. मुळांनी नत्र बहुधा नायट्रेटच्या रूपात घेतल्यावर पानाला ते मोडून प्रथिनांत रूपांतरित करावे लागते. हे काम ज्या विकराकडे आहे, त्याच्या घडणीत तेच अंशमात्र मॉलिब्डेनम असते. आणि तो विकर जागा होण्यास प्रकाश लागतो, त्याचे काम चालण्यास प्रकाशसंश्लेषणातून आलेली शक्ती आणि साखर लागते. उजेड अपुरा असला म्हणजे मुळे नायट्रेट आत घेत राहतात, पण पुढे त्याची वासलात लागत नाही. इतकेच नव्हे, तर पेशी फुगलेली ठेवण्यासाठी जी साखर हवी ती नसल्यामुळे पान आपल्या पेशींतील पोकळीत साखरेऐवजी नायट्रेटच साठवून ठेवते. वरून ते पान टवटवीत, तजेलदार, विक्रीस योग्य असते. आतले कोठार मात्र न मोडलेल्या नायट्रेटने भरलेले असते.

हे संशोधकांचे केवळ अनुमान नव्हे, कायद्यानेही ते मान्य केले आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमाने ताज्या पालकात दर किलोस ३५०० मिलिग्रॅम नायट्रेटची कमाल मर्यादा घातली. आच्छादनाखालील लेट्यूसला मात्र एप्रिल ते सप्टेंबरच्या काढणीस ४००० आणि ऑक्टोबर ते मार्चच्या काढणीस ५००० अशा दोन मर्यादा दिल्या. भाजी तीच असून हिवाळ्याला हजाराची जी सवलत, ती सूर्य मंद असल्याची कबुली आहे.

बंद दालनात हिवाळा-उन्हाळा आपल्या हाती असल्यामुळे येथे तीन उपाय संभवतात: काढणीपूर्वी दोन-तीन दिवस दिवे अखंड तेवत ठेवणे, शेवटचे काही दिवस द्रावणातला नायट्रेट काढून घेणे वा कमी करणे, आणि नत्राचा काही हिस्सा अमोनियमच्या रूपात देणे. हे तिन्ही उपाय परिणामकारक ठरले आहेत, पण एकेकटे वापरता प्रत्येकाला बाध आहे. नायट्रेट लवकर काढले तर जुनी पाने पिवळी पडतात. अमोनियम अधिक झाले तर मुळे जळतात, द्रावणाचा सामू उतरतो. अखंड प्रकाशाला वीज लागते. पालकाच्या बाबतीत अमोनियमचा एक लाभ म्हणजे ऑक्झलेटही कमी होते, आणि मुतखड्याच्या रुग्णाला त्याचे मोल कळेल. रसदीला असे वळण देण्याचे एक मोठे उदाहरण जपानातील आइझु-वाकामात्सुचे आहे. तेथे फुजित्सूने अर्धवाहकांच्या स्वच्छ कारखान्यात, मूत्रपिंडाच्या रुग्णांना चालेल असे कमी पालाशचे लेट्यूस पिकवून विक्रीस आणले. जमिनीत जे साधणे जवळजवळ अशक्य, ते द्रावणात साधते, हे या शेतीचे खरे सामर्थ्य आहे.

या गाठीचा आणखी एक धागा माणसाच्या डोळ्यांतून जातो. निव्वळ तांबड्या-निळ्या दिव्यांखाली उभे राहून लेट्यूसची फळी पाहावी; जांभळट उजेडात हिरवे पान जवळजवळ काळे दिसते, कारण परत फिरविण्यास त्याला हिरवा किरणच मिळालेला नसतो. नव्या पानावर लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा आला आहे की जुन्या पानावर नत्राच्या, की कडेला करपा लागला आहे, यांपैकी काहीच डोळ्याला कळत नाही. जो दिवा पानाला पुरतो तो पान तपासणाऱ्याला पुरतोच असे नाही. पांढरा प्रकाश फळ्यांवर परत येण्याची कारणे विजेच्या हिशेबात जितकी आहेत तितकीच या तपासणीतही आहेत.

ताळेबंद

खर्चाची बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दर चौरस मीटरला सेकंदास २०० मायक्रोमोल प्रकाश १६ तास दिला तर दिवसाचे साडेअकरा मोल होतात. एका ज्यूलमागे ३ मायक्रोमोल देणारा आजचा चांगला दिवा घेतला, तरी त्याला दररोज एक युनिटभर वीज लागते, आणि हवा थंड व कोरडी ठेवण्याचा खर्च वेगळा. उघड्या शेतात हीच जमा सूर्य विनामूल्य करतो. जपानात २०१८ मध्ये क्योटो प्रांतात सुरू झालेल्या कारखान्याची रोजची क्षमता ३०,००० गड्ड्यांची सांगितली जाते. तर अमेरिकेत एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बॉवरी फार्मिंगने २०२४ मध्ये कारभार बंद केला. जेथे विजेची किंमत पानाच्या किमतीला गिळते, तेथे रंगांची कितीही चतुर मांडणी धंद्याला तारू शकत नाही. जेथे माती आणि सूर्य दोन्ही नाहीत, तेथे मात्र प्रश्नच वेगळा होतो: २०१५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील प्रवाशांनी दिव्यांखाली पिकविलेले तांबडे लेट्यूस खाल्ले, त्याचा भाव विजेच्या युनिटांत करता येणार नाही.

आपल्या भाज्यांचा प्रश्न

वरील सारे ज्ञान प्रामुख्याने लेट्यूसवरचे आहे, आणि आपल्या मंडईतल्या जुड्यांना ते जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. युरोपातला ‘स्पिनॅच’ आणि आपला बहुतेक पालक या मुळात दोन वनस्पती. आपला पालक वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बीटच्या जवळचा. दिवस लांबला की स्पिनॅच पाने सोडून फुलावर येतो, म्हणून लेट्यूसला मानवणारे १६ तास त्याला घातक ठरू शकतात. आपल्या पालकाची कैफियत स्वतंत्रपणे ऐकली पाहिजे. माठ, राजगिरा व घोळ यांची प्रकाशसंश्लेषणाची रीतच उन्हाळी, कडक उन्हात खुलणारी आहे. लेट्यूसला पुरेसा वाटणारा दिव्याचा प्रकाश त्यांना अर्धपोटी ठेवणारा असू शकतो. मेथी शेंगवर्गीय, शेतात तिच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू नत्राची सोय करतात, निर्जंतुक द्रावणात ते नसतात, म्हणून तिचा सारा नत्र आपल्यालाच पुरवावा लागतो. शेपू, चाकवत, अंबाडी यांच्या गरजांविषयी लेट्यूसवरून अनुमान बांधणे म्हणजे एका गावाच्या सातबाऱ्यावरून दुसऱ्या गावाचा सारा ठरविणे होय. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर वा रिकाम्या गोदामांत जे तरुण या उद्योगात उतरत आहेत, त्यांनी परदेशी दिव्यांच्या तक्त्याइतकाच आपल्या भाजीचा अभ्यास करावा, आणि आपल्या कृषी विद्यापीठांनी या भाज्यांवर एकाच वेळी प्रकाश आणि द्रावण दोन्ही बदलून प्रयोग करावेत, ही कळकळीची विनंती आहे.

मग ‘कोणता रंग उत्तम?’ या प्रश्नाचे उत्तर काय? उत्तर असे की, हा प्रश्न अर्धा आहे. कोणत्या भाजीला, कोणत्या वयात, कोणत्या हेतूने, आणि मुळांशी काय ठेवून, एवढे विचारले म्हणजे तो पुरा होतो. तांबडा प्रकाश वजनाचा पाया घालतो, निळा त्याला बांधा आणि रंग देतो, हिरवा खालच्या थरांची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची सोय करतो, दूरतांबडा पान पसरवितो पण रंगद्रव्ये फिकी करतो. आणि यांतील प्रत्येकाचे फळ नत्र, कॅल्शियम, लोह यांच्या पुरवठ्यावर ठरते. म्हणून पिकविणाऱ्याने दिव्यांची एक वही आणि द्रावणाची दुसरी वही असे करू नये. त्या दिवशीचे तास, रंग व मात्रा आणि त्या दिवशीची वाहकता, सामू व नायट्रेट एकाच पानावर समोरासमोर लिहावेत. दसऱ्याला परडीतला फिकट कोंब हाती घेतला की हेच दिसते: बियाने शिदोरी दिली, मातीने पाणी दिले, आणि तरीही तो पिवळाच राहिला. तीच परडी एक दिवस अंगणात उन्हात ठेवून पाहावी. माती न बदलता, खत न घालता, सायंकाळपर्यंत कोंबांच्या टोकांवर हिरवी झाक चढू लागते, आणि मग पुढच्या हिरवेपणासाठी ते मुळांकडे मागणी करू लागतात.